जुन्या वास्तूच्या डागडुजीला हातभार: नव्या स्वयंसेवकासाठी

पेठेतला एखादा जुना वाडा किंवा पडून राहिलेली इमारत दुरुस्त करून तिथे अभ्यासिका, वाचनालय नाहीतर ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र सुरू करायचं ठरलं, की मदतीला माणसं कमी पडत नाहीत. अडचण वेगळीच असते. येणाऱ्या प्रत्येकाला हातात ब्रश हवा असतो आणि रंग हे सगळ्यात शेवटचं काम. त्याआधीची कामं धुळीची, ओझ्याची आणि बरीचशी वाट बघण्याची. ती कोणत्या क्रमाने करायची, स्वयंसेवकाने कशाला हात घालायचा आणि कशाला अजिबात नाही, ते इथे सांगितलं आहे. डोळ्यापुढे ठेवलेली इमारत पुण्यात नेहमी दिसते तशी: दगडी जोतं (जमिनीच्या वर आलेला पाया), विटांच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी खांब आणि तुळया, वर मंगलोरी कौलं. आरसीसी इमारतीला चुन्याचं प्रकरण लागू नाही. बाकीचं बहुतेक लागू आहे.

आधी कागद

तीस वर्षांहून जुन्या इमारतीच्या स्थैर्याचं प्रमाणपत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घेणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. वास्तू महापालिकेच्या हेरिटेज यादीत असेल तर साध्या दिसणाऱ्या कामालाही हेरिटेज विभागाला विचारावं लागतं. हे सगळं बघणं संयोजकांचं काम. पण नव्या माणसाने निदान एवढं विचारावं: इंजिनिअरचा अहवाल आला का, भार घेणाऱ्या भिंती कोणत्या, आणि टेकू कुठे कुठे दिलेत? चांगल्या कामावर अशा भिंतींवर आणि खांबांवर लाल खडूने फुली मारलेली असते. फुली असेल तिथे छिन्नी लावायची नाही, साधा खिळाही ठोकायचा नाही. टेकू मध्ये येतोय, जरा सरकवू, हा विचार तर मनातही आणायचा नाही.

अहवाल आलेला नाही आणि तोडफोड सुरू आहे असं दिसलं, तर तो रविवार दुसऱ्या कुठल्या कामाला द्यावा.

येताना काय आणायचं

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, जुनी पँट, बंद बूट. चपला-सँडल नकोत, जुन्या रिपांमधले (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांमधले) गंजके खिळे वर तोंड करून पडलेले असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन होऊन दहा वर्षं उलटली असतील तर आधी घेऊन या. एन९५ मास्क, बाजूने बंद असलेला चष्मा आणि दोन जोड हातमोजे लागतात: धुळीच्या कामाला जाड कापडी, चुन्याला रबरी. तोंडाला रुमाल बांधून धूळ थांबत नाही, फक्त मनाला बरं वाटतं. हत्यारं स्वयंसेवकांच्या गटाकडे असतात. स्वतःची घ्यायचीच असतील तर बोहरी आळीत थापी, छिन्नी, तारेचा ब्रश, ओळंबा सगळं एका फेरीत मिळतं.

कामावर पगारी गवंडी आणि सुतार असतातच, असायलाच हवेत. त्यांना मिस्त्री, मामा, काका जे तिथे म्हणत असतील ते म्हणा. आपण कितीही शिकलेले असलो तरी भिंतीपुढे त्यांचा शब्द शेवटचा. आणि शेजाऱ्यांसाठी एक पथ्य: दुपारी एक ते चार ठोकाठोक बंद. पुण्यात हे वेगळं सांगायला नको, तरी सांगितलेलं बरं.

पाणी कुठून येतंय?

जुन्या इमारतीची नव्वद टक्के दुखणी पाण्याची असतात, असं कोणताही जुना गवंडी सांगेल. आकडा सोडा, मुद्दा खरा आहे. पोपडे, पांढरे क्षार, कुजलेला खांब, वाळवी या सगळ्यांच्या मुळाशी ओल असते. म्हणून पहिले एक-दोन रविवार फक्त शोधण्यात जातात, आणि नव्या माणसाला हे काम सहज जमतं.

इमारतीचा साधा नकाशा काढा आणि प्रत्येक भिंतीवर ओल कुठून कुठपर्यंत आहे ते पेन्सिलीने टिपा. ओल जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत, वर जवळजवळ सरळ रेषेत थांबलेली असेल तर ती खालून चढते आहे. वरून खाली ओघळ असतील तर कौल, पन्हळ किंवा भिंतीत शिरलेला पाइप बघा. मध्येच गोल डाग दिसला तर पलीकडे बाथरूम किंवा पाण्याची टाकी आहे का ते पाहा. ओल भिंतीतली की हवेतली हे कळत नसेल, तर फूटभर चौरस प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारही कडांनी टेप लावून चिकटवा आणि दोन दिवस सोडा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर भिंत ओली. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीत हवा खेळत नाही.

पेठांमध्ये एक गोष्ट हमखास सापडते. रस्त्यावर वर्षानुवर्षं डांबराचे आणि काँक्रीटचे थर चढत गेले आणि जोतं निम्मं गाडलं गेलं. पूर्वी दोन फूट उंच असलेला ओटा आता सहा इंचांवर येतो, आणि पावसाचं पाणी थेट विटेला लागून उभं राहतं. अशा ठिकाणी आतून कितीही थर लावले तरी ओल येणारच. भिंतीलगत उतार काढणं, चर खोदून पाणी गटाराकडे वळवणं हे आधी. चर खोदायला स्वयंसेवक चालतात, पण पायाच्या खाली किंवा पायाला लागून खोल जायचं नाही.

तड्यांचंही याच फेरीत बघून घ्या. प्रत्येक तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा. महिन्या-दोन महिन्यांनी तडा रेघेपुढे गेला असेल, किंवा त्यात दोन रुपयांचं नाणं आरामात जात असेल, तर तो बुजवायचा नाही. इंजिनिअरला दाखवायचा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला आणि विटेतून आरपार गेलेला तडा लगेच दाखवायचा.

नदीकाठच्या पेठांमध्ये आणखी एक गुंता असतो. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात इथली कितीतरी घरं पडली किंवा खचली आणि नंतर मिळेल त्या मालाने उभी राहिली. त्यामुळे एकाच खोलीत एक भिंत चुन्याची आणि दुसरी सिमेंटची असू शकते. ओळखायला खिळा पुरतो: चुन्याच्या गिलाव्यावर ओरखडा सहज उमटतो आणि पांढरट भुकटी निघते, सिमेंटवर खिळा घसरतो. भिंतीगणिक नोंद करा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

कामाचं वेळापत्रक ऋतूने ठरतं

छप्पर पावसाआधी, म्हणजे एप्रिल-मे मध्ये शाकारून, म्हणजे कौलं नीट बसवून, व्हायला हवं. जून ते सप्टेंबर सुतारकाम, वायरिंग, खिडक्या घासणं अशी आतली कामं. गिलावा दिवाळीनंतर. मे महिन्याच्या उन्हात चुना भराभर सुकतो आणि चिरा पडतात. पावसाळ्यात तो सुकतच नाही. उद्घाटनाची तारीख आधी छापून मग गिलावा उरकणाऱ्या गटाला दुसऱ्या वर्षी तीच भिंत पुन्हा करावी लागते.

कौलांवर स्वयंसेवकाने चढायचं नाही. खाली काम भरपूर असतं: उतरवलेली कौलं ब्रशने शेवाळ काढून धुवायची आणि टिचकी मारून बघायची. खणखणीत वाजलं तर कौल चांगलं, बद्द आवाज आला तर तडकलेलं. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत, म्हणून जुन्या बाजारात कौलं आणायला जाणाऱ्याने नमुन्याचं एक कौल पिशवीत टाकून न्यावं. नुसता फोटो दाखवून आणलेली कौलं बहुधा परत जातात.

माळ्यावर कबुतरांची घाण साठलेली असेल तर सुकी झाडायची नाही. फवारणीच्या पंपाने आधी ओली करायची, मास्क लावून फावड्याने गोणीत भरायची. दम्याच्या माणसाने या कामाला जाऊच नये. मागच्या बाजूला सिमेंटचे जुने पन्हाळी पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. ते फोडायचे, कापायचे, भोकं पाडायची नाहीत. तो ठेका जाणकाराला द्यायचा.

पाडापाडी आणि राडारोडा

चुन्याच्या भिंतीवर नंतर कोणीतरी लावलेला सिमेंटचा गिलावा काढणं हे स्वयंसेवकांचं सगळ्यात मोठं काम. वीट आणि चुना पाणी पितात आणि सोडतात. वरून सिमेंट बसलं की आतलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. ते वर चढतं, बरोबरचे क्षार विटेच्या तोंडाशी जमतात आणि वीट आतल्या आत भुगा होते. वरून भिंत टणक दिसते, ठोकली की पोकळ वाजते.

काढताना छिन्नी भिंतीला काटकोनात धरू नका. तिरकी, जवळजवळ भिंतीला समांतर धरा आणि हलक्या हाताने कडेकडेने सोलत जा. एक किलोचा हातोडा पुरतो. विटेचं तोंड सिमेंटबरोबर निघून यायला लागलं तर थांबा आणि मिस्त्रींना बोलवा. दोन माणसांमध्ये सहा फूट अंतर हवं, आणि एक वर, एक त्याच्याखाली असं कधीच नाही.

हिशेब आधी करा. १०० चौरस फूट भिंतीवरचा इंचभर जाड गिलावा म्हणजे चारशे किलोंहून जास्त राडारोडा. वीस किलोच्या गोण्या केल्या तर वीसहून जास्त. गोणी गच्च भरायचा मोह होतो, मग ती दोघांनाही उचलत नाही आणि जिन्यात फाटते. निम्मी भरा. वरच्या मजल्यावर ढीग साठवायचा नाही. लाकडी तुळयांना एका जागी चारशे किलो झेपेलच असं नाही. रोजचा माल रोज खाली. तो कुठे आणि कसा द्यायचा हे क्षेत्रीय कार्यालयात आधी विचारून ठेवा. शहराचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प वाघोलीला आहे. रात्री टेम्पोने नदीपात्रात ओतून येतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला पैसे देऊ नका. अख्ख्या विटा, शहाबादी फरशी, जुन्या बिजागऱ्या आणि कड्या बाजूला काढा; त्या इथेच लागतात.

चुना

सिमेंट निघालं की भिंत उघडी राहू द्या. जाड भिंत महिन्याला साधारण इंचभर सुकते असा ढोबळ हिशेब आहे. दीड फुटाची भिंत पूर्ण सुकायला दीड वर्ष थांबणं कोणाला परवडत नाही, म्हणूनच चुना लावायचा: तो लावल्यावरही भिंत सुकत राहते. तरी निदान दोन-तीन महिने द्या, आणि पृष्ठभागावर आलेले पांढरे क्षार दर आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा. पाण्याने धुतले तर ते पुन्हा आत जातात.

कळीचा चुना विरवणं, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे पाण्यात विरघळवून मऊ करणं, हे या सगळ्यातलं धोक्याचं काम, आणि बघायला सगळ्यात मजेचं. म्हणूनच गर्दी होते. दोन माणसं पुरेत, बाकीच्यांनी दहा फूट लांब.

१. लोखंडी पिंप घ्या. प्लॅस्टिकची बादली उष्णतेने वितळते. पिंप अर्ध्याहून जास्त भरायचं नाही.

२. आधी पाणी, मग चुना. दहा किलो कळीला २५ ते ३० लिटर पाणी. चुन्यावर पाणी ओतलं तर तो उसळून अंगावर येतो. खडे एकेक फावडं हळूहळू सोडा.

३. पाणी खळखळा उकळतं. लांब दांड्याच्या खोऱ्याने ढवळत राहा. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या. तोंड पिंपावर आणायचं नाही.

४. थंड झाल्यावर बारीक जाळीतून गाळा. हा टप्पा कोणी चुकवू नये. न विरलेला बारीक खडा गिलाव्यात राहिला तर दोन-चार महिन्यांनी तो तिथे फुगतो आणि भिंतीवरून नाण्याएवढा पापुद्रा उडतो. मधोमध पांढरा ठिपका दिसला की समजावं, गाळायचा कंटाळा केला होता.

५. गाळलेला चुना वर दोन बोटं पाणी ठेवून झाकून ठेवा. किमान दोन आठवडे. महिना-दोन महिने ठेवला तर लोण्यासारखा मऊ होतो.

डोळ्यात चुना उडाला तर चोळायचं नाही. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा. म्हणून विरवण्याची जागा नळाजवळच निवडा.

गिलाव्यासाठी एक भाग चुना, तीन भाग वाळू. शेवटच्या बारीक थराला एकास दोन. वाळू धुतलेली हवी. मुठीत दाबून सोडल्यावर हाताला माती चिकटली तर पुन्हा धुवा. ओल चढणाऱ्या खालच्या भागासाठी वाळूतला काही हिस्सा सुरखी, म्हणजे विटांची चाळलेली पूड, घालतात. त्याने ओल्या जागीही गिलावा धरतो. तागाचे इंच-दीड इंचाचे तुकडे मिसळले की चिरा कमी पडतात. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालणारे गवंडी अजून आहेत. ते प्रमाण त्यांच्याच हाताने होऊ द्या. गूळ जास्त झाला तर मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात.

१०० चौरस फुटांच्या एका थराला, थर १२ मिलिमीटर धरला तर, वीस लिटरच्या बादलीने वाळू सहा बादल्या आणि विरवलेला चुना दोन बादल्या लागतो. जुनी भिंत सरळ नसतेच, तेव्हा पाऊण-एक बादली वाळू जादा धरा. मिश्रणात वरून पाणी घालायची घाई नको. आधी पायाने किंवा खोऱ्याने अर्धा तास मळा, चुन्यातलंच पाणी सुटतं आणि माल मऊ येतो. नव्या माणसाचा माल नेहमी पातळ होतो, आणि पातळ माल सुकताना आकसून चिरा देतो.

लावायच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या सकाळी भिंत पाण्याने भिजवा. कोरडी वीट मालातलं पाणी शोषते आणि गिलावा भिंतीला धरतच नाही. विटांच्या दरजा (सांधे) अर्धा इंच खोल खरवडून घ्या. एका थराची जाडी १० ते १२ मिलिमीटर. खड्डा खोल असेल तर विटेचा तुकडा चुन्यात बसवून भरा, एका दमात जाड थर नको. माल थापीने नुसता पसरायचा नाही, भिंतीवर जोराने मारायचा. पुढच्या थराआधी आठ-दहा दिवस. नखाने दाबल्यावर खूण उमटली नाही पण ओरखडा पडला, की पहिला थर तयार. दुसऱ्या थरासाठी पृष्ठभागावर तिरक्या रेघा ओढून ठेवायच्या.

चुना नुसता सुकून पक्का होत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत चुनखडीसारखा दगड होतो आणि त्याला ओलावा लागतो. पुण्याची डिसेंबरची हवा कोरडी, म्हणून भिंतीपुढे गोणपाट टांगून सात-आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. हे काम रोजचं आहे, रविवारचं नाही. जवळ राहणाऱ्या चौघांची पाळी लावा.

लाकूड

सागवानी खांब पायाशी कुजतात, वर नाही. जोत्याच्या दगडाला टेकलेल्या भागात टोच्या किंवा पेचकस दाबून बघा. पाव इंचाहून जास्त सहज आत गेला तर सुताराला दाखवा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. तिच्या औषधाची फवारणी परवाना असलेल्या माणसाकडून. कुजलेला तुकडा बदलायचा असेल तर जुनं सागवान भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये शोधा. नवं ओलं लाकूड वर्षभरात आकसतं आणि जोड सुटतो.

दारं-खिडक्यांवरचा तेलरंग काढणं हे स्वयंसेवकांचं आवडतं काम, आणि तिथेच सगळ्यात जास्त निष्काळजीपणा होतो. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) आहे. त्याआधीच्या रंगात शिसं असणारच असं धरून चाला. कोरडा पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर नको. पाण्याचा पॉलिश पेपर, खाली प्लॅस्टिक, मास्क. खरवड गोणीत बंद करून ठेवा. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या खोलीत नकोत.

साफ लाकडाला पहिला हात जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, फडक्याने. पंधरा मिनिटांनी वरचं तेल पुसून घ्या, नाहीतर चिकट राहतं. आणि हे नीट लक्षात ठेवा: जवसाच्या तेलाचे बोळे कोपऱ्यात टाकून जाऊ नका. तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापतं, आणि गोळा झालेलं फडकं काडीशिवाय पेट घेऊ शकतं. पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

वायरिंग

इलेक्ट्रिशियन परवानाधारक, ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला, माल तपकीर गल्लीतला पण आयएसआय शिक्का बघून. स्वयंसेवकाने भिंतीत झिरी (वायरीसाठी खाच) मारायची ती उभी. आडवी लांब झिरी भिंत कमकुवत करते. मेन स्विच बंद केल्यावर फ्यूज काढून खिशात ठेवायचा. पाटी लावली तरी कोणीतरी स्विच चालू करतंच.

सफेदी

इथे एकदाचा ब्रश हातात. पुट्टी, पीओपी आणि प्लॅस्टिक इमल्शन चुन्याच्या भिंतीवर नको. सिमेंट काढून केलेली सगळी मेहनत त्यांनी वाया जाते. विरवलेला चुना पाण्यात ताकाएवढा पातळ करून कापडातून गाळा, थोडा डिंक घाला. भिंत आधी ओलसर करा. पहिला हात आरपार दिसतो, पांढरा वाटतच नाही. तो सुकताना पांढरा होतो. नवा माणूस इथेच घाबरून दाट हात मारतो आणि पापुद्रे निघतात. पातळ तीन किंवा चार हात, प्रत्येकामध्ये एक दिवस. गेरू किंवा पिवडी (पिवळी माती) घालायची तर चुन्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, आणि अख्ख्या खोलीचा रंग एकदाच कालवून ठेवा. दुसऱ्या बादलीत तीच छटा येत नाही.

अभ्यासिकेत खुर्च्या भिंतीला घासतात आणि शर्टाला पांढरं लागल्याची तक्रार येते. चार फूट उंचीपर्यंत प्लॅस्टिक रंग मारू या, असं कोणीतरी सुचवतंच. नेमका तोच ओल चढण्याचा पट्टा. खुर्चीच्या पाठीच्या उंचीला सागवानी पट्टी ठोका, काम भागतं.

सामान लावताना

चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा: जोतं फूटभर उंच असेल तर उतार बारा फूट लांब. पुढच्या ओट्यावर एवढी जागा नसते. मागच्या चौकातून दार आहे का ते बघा. पुस्तकांनी भरलेलं एक कपाट दीडशे-दोनशे किलोंचं होतं. लाकडी मजल्यावर कपाटं खोलीच्या मध्ये नकोत, भिंतीलगत आणि एकाहून जास्त तुळयांवर भार जाईल अशी ठेवा. कपाटाच्या मागे दोन इंच हवा सोडा, नाहीतर पुस्तकांना बुरशी धरते.

शिडी लावताना चारास एक: बारा फूट उंचीवर टेकवली तर पाया भिंतीपासून तीन फूट. घोटीव शहाबादीवर शिडीखाली गोणपाट टाका आणि एक जण धरून उभा. परांची (उंचावर उभं राहायचा बांबूंचा सांगाडा) बांधणं मजुरांचं काम.

इमारत सुरू झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात दोन माणसं नेमा. पहिल्या मोठ्या पावसानंतर चोवीस तासांच्या आत त्यांनी सुरुवातीचाच नकाशा घेऊन फिरावं: पन्हळीत पानं अडकली का, कौलातून ओघळ आला का, भिंतीलगत पाणी साचलं का, जुन्या ओलीची रेघ वर सरकली की खाली उतरली. पेन्सिलीने नवी तारीख टाकावी. कौल सरकलं असेल तर त्याच आठवड्यात शाकारणाऱ्याला बोलवावं आणि खाली तोवर बादली ठेवावी.